आंब्याच्या शेडमधल्या सिसिलबाई

सिसिलबाईंना वाटेत "बऱ्या आसात मां?" असं विचारायचं आमच्या जामसंड्यातली माणसं शक्यतो टाळायची. बाई स्वभावाने वाईट होत्या असं नाही. पण उत्तर द्यायच्या आधी त्या विचारणाऱ्याचा सूर तपासायच्या. छत्री जमिनीला टेकवून उभ्या राहायच्या, मान जराशी तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, "खराच इचारतस, का चलता चलता?" माणूस गडबडायचा. खरंच विचारतो म्हणावं तर अर्धा तास गेला, चलता चलता म्हणावं तर आणखी लाज.

एकदा देवगडच्या एसटीत कंडक्टर गर्दीवर खेकसला, "पुढे सरका!" बाई दाराशीच उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "शब्दांत काही चूक नाही. सुरात आहे. परत म्हण." कंडक्टर वयाने मोठा, मिशावाला. त्याने एकदा बाईंकडे, एकदा छत्रीकडे पाहिलं आणि खरोखर परत म्हटलं, "पुढे सरका हो जरा." अख्खी गाडी पुढे सरकली. बाई म्हणाल्या, "चालेल."

'चालेल' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी नववीत त्यांच्या हाताखाली होतो, तेव्हा वर्षभरात मला ती एकदाच मिळाली. पुढे त्या निवृत्त झाल्या, मी वडिलांची आंब्याची बाग बघायला लागलो, आणि शेजारीपण मात्र तसंच राहिलं. त्यांच्या आणि आमच्या आवारामध्ये चिऱ्याचा एक गडगा, म्हणजे बुटकी कुंपणभिंत, होती. ती एका ठिकाणी ढासळली होती, आणि दोन्ही घरांच्या सोयीसाठी कोणी ती कधी बांधून काढली नाही. तिथून बाई यायच्या. नाताळात गोड दोदोल घेऊन, एरवी तक्रार घेऊन. लग्न केलं नव्हतं. भाऊ म्हापशाला होता, त्याचा मुलगा दर मे महिन्यात येऊन "आते, आता आमच्याकडे चल" म्हणायचा. बाई त्याला म्हणायच्या, "तुझ्या आवाजात आग्रह आहे, पण घाईसुद्धा आहे. पुढच्या वर्षी बघू."

मी सांगणार आहे ते एका पावसाळ्याचं. बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या.

सुरुवात देवगडच्या मासळी बाजारात झाली. मी बाईंबरोबर होतो, कारण त्यांना माझ्या गाडीवरून जायचं होतं. सुगंधा नावाची एक तिशीची बाई आईच्या जागेवर बसली होती. एरवी ती आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस, म्हणजे मुलांना आणायचं, जेवण शिजवायचं, भांडी घासायची. रविवारी आईची टोपली सांभाळायची. बाईंनी बांगड्याच्या कल्ल्यात बोट घातलं आणि विचारलं, "ताजे आसत मां?"

सुगंधा मान वर न करता म्हणाली, "नाय ओ बाई, गेल्या वर्साचे आसत. तुमच्यासाठीच राखून ठेवलंय."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मला वाटलं, आता छत्री उगारली जाणार. पण बाईंचा चेहरा उजळला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आयरनी. शुद्ध. एक थेंब पाणी नाही." मग सुगंधाला, "शिकलंस किती गो?"

"बारावी नापास." आता तिने मान वर केली. "सगळ्यात पास, इंग्रजीत नापास. दोनदा. यंदा तिसऱ्यांदा नापास. जागा रिकामी आसा सेविकेची. बारावी होय तिका. माझ्या नशिबात नाय ता."

बाई बांगडे विसरल्या. "जी बाई बाजारात बसून असं बोलते, ती इंग्रजीत नापास?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पलीकडचा बर्फवाला थांबला. "तू नापास नाहीस. तुला शिकवणारे नापास. उद्या सकाळी ये."

दुसऱ्या दिवशी गडग्यातून बाई आल्या. "दिनू, तुझी शेड रिकामी आसा मां? माका होयी."

आंबा संपला की माझी पत्र्याची शेड पुढच्या हंगामापर्यंत मोकळीच असायची. पेंढा, जुन्या लाकडी पेट्यांची चळत आणि वजनाचा एक काटा, एवढंच सामान. मी हो म्हटलं. शिकवणी बाईंच्या ओट्यावरही झाली असती, मग शेड कशाला, हे मी विचारलं नाही. पुढे कळलं. त्यांना पेट्या हव्या होत्या.

तिघी जमल्या. सुगंधा होतीच. दुसरी वैजयंती, शेजारच्या गावातली, भातशेती करणाऱ्या घरातली सून, नवरा गोव्यात हॉटेलात कामाला. तिसरी रेश्मा, एकोणीस वर्षांची, नर्सिंगला जायचं म्हणून हटून बसलेली. तिघींची इंग्रजीची परीक्षा जुलैमध्ये, पुरवणी. हातात पाच आठवडे.

बाईंनी पहिल्या दिवशी पेट्यांवर खडूने नावं लिहिली. रागाची पेटी, दुःखाची पेटी, आनंदाची पेटी, थट्टेची पेटी, भक्तीची पेटी. आणि एक लहान पेटी, तिच्यावर 'कळत नाही'. मग खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर सुरांचे इंग्रजी शब्द लिहिले. बिटर, मॉकिंग, टेंडर, विस्टफुल, डिफायंट, असे ढीगभर. प्रत्येकीने पुठ्ठा उचलायचा, शब्द वाचायचा, अर्थ सांगायचा आणि योग्य पेटीत टाकायचा. पेटी चुकली तर बाई काही बोलत नसत. छत्रीने तो पुठ्ठा बाहेर काढत.

"कवितेवर प्रश्न येतो," त्या म्हणायच्या. "टोन काय? तुम्ही लिहिता, सॅड. सगळ्या कविता सॅड! कवी काय सगळे स्मशानात राहतात? दुःखाच्या पेटीत बारा पुठ्ठे आहेत. त्यातला कुठला, ते लिही. तेव्हा मार्क."

त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि उच्चारांचा त्यांना अभिमान होता, थोडा जास्तच. सुगंधाने अतिशयोक्तीच्या अलंकाराला 'हायपरबोल' म्हटलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. "हायपर्बली! हायपर्बली! हा काय क्रिकेटचा बॉल आहे?" सुगंधा शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी आता उठल्यात ना, ती हायपर्बली." बाई परत बसल्या. हसू दाबताना त्यांच्या गळ्यातला क्रूस हलत होता.

अलंकार शिकवायची त्यांची पद्धत अशी की व्याख्या शेवटी. आधी उदाहरण, आणि तेही पुस्तकातलं नको. "तुमच्या घरातलं द्या." ट्रान्सफर्ड एपिथेट नावाचा एक अलंकार आहे, विशेषण एकाचं आणि चिकटवायचं दुसऱ्याला. तो तिघींच्याही डोक्यात शिरत नव्हता. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सुगंधा भिजलेली, उशिरा आली आणि चप्पल झटकत म्हणाली, "मेलो रस्तो!"

बाई ओरडल्या, "थांब! रस्ता मेला आहे?"

"रस्तो खंयचो मरता? आमी मेलंव त्येच्यावरसून चलान."

"मग मेलेलं कोण, आणि 'मेलो' म्हटलंस कोणाला?"

सुगंधा दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं ते मला शेडच्या बाहेरून दिसलं. मी पेंढा हलवायच्या निमित्ताने तिथे होतो. ती हळूच म्हणाली, "सायबा!" हा बाईंचाच शब्द. "इतका सोपा आसा?"

वैजयंती फारशी बोलत नसे. पदर घट्ट धरून कोपऱ्यातल्या पेटीवर बसायची. बाईंनी अपॉस्ट्रॉफी सांगितला. समोर नसलेल्या माणसाशी किंवा निर्जीव वस्तूशी समोर असल्यासारखं बोलणं. "द्या घरातलं उदाहरण." मग वैजयंती खाली बघत म्हणाली, "मी रोज सकाळी गॅस पेटवताना म्हणते, उठलास काय रे, चहा ठेवलाय." तिचा नवरा वर्षातून दोनदा यायचा.

रेश्माचे डोळे भरले. बाईंनी छत्री एकदा आपटली आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अपॉस्ट्रॉफी. नाव, ओळ, स्पष्टीकरण. पूर्ण मार्क." मग पाठ फिरवून बराच वेळ फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

त्यांचा एक खेळ होता. आमच्याकडे 'बरां' हा एक शब्द पुरतो. हो, ठीक, असू दे, बघून घेईन, सगळं त्यात येतं. प्रत्येकीने डोळे मिटून एक पुठ्ठा उचलायचा आणि त्यावरच्या सुरात 'बरां' म्हणायचं. बाकीच्यांनी इंग्रजी शब्द ओळखायचा. माझी बायको चहा घेऊन गेली की तिलाही एक पुठ्ठा मिळायचा. घरी ती माझ्यावर सराव करायची.

हा खेळ चालू असतानाच एके दिवशी वैजयंतीची सासू दारात आली. आक्का. डोक्यावर पावसाची खोळ, पाय चिखलात गुडघाभर. शेतात तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, लावणी सुरू झाली होती.

"वैजू, तरवो काढून ठेवलेलो आसा, लावतलो कोण?"

वैजयंती उठली. बाई म्हणाल्या, "आक्का, आणखी अर्धा तास."

आक्काने तिघींकडे पाहिलं, पेट्यांकडे पाहिलं. म्हणाली, "बरां. शिका."

तिघी एका आवाजात ओरडल्या, "सारकॅस्टिक!" आणि लगेच घाबरून गप्प झाल्या. आक्काला शब्द कळला नाही, पण आपल्याबद्दल काहीतरी आहे हे कळलं. "काय म्हटल्यानी गो?"

मला वाटलं, वैजयंतीची शाळा संपली. बाईंनी एक पेटी पुढे ओढली. "बसा आक्का. तुम्ही काय म्हणालात ते ह्या पोरींनी बरोबर ओळखलं. तुम्ही 'शिका' म्हणालात आणि अर्थ होता 'मरा'."

आक्का हसली, काळे दात दाखवत. "ता खरां," ती म्हणाली आणि बसली.

त्या दिवशी बाई जुन्या पेपरातली एक इंग्रजी कविता घेत होत्या. अर्धा तास तिघींचं भांडण चाललं होतं. रेश्मा म्हणे कवी चिडलेला आहे, सुगंधा म्हणे दुःखी आहे. बाईंनी पुस्तक उचललं आणि आक्काकडे बघून ती कविता पहिल्यापासून वाचली. सावकाश, नाटक न करता. आक्काला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिला मराठीही वाचता येत नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. बाहेर पाऊस थांबला होता म्हणून बरं, नाहीतर त्या पत्र्याखाली काही ऐकू येत नसे.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "कसा वाटला तुमका?"

आक्का म्हणाली, "ह्येचा कोणतरी गेलाला आसा. पण हो रडणा नाय. रडान झाला ह्येचा. आता नुसतो बसलोहा."

बाई उठल्या. दुःखाच्या पेटीतून त्यांनी एक पुठ्ठा काढला आणि तिघींसमोर धरला. रिझाइन्ड. "वाचा. हा शब्द पाठ करून तीन आठवडे झाले तुम्हाला. आणि ओळखला कोणी?" मग आक्काकडे वळून त्या म्हणाल्या, "चालेल." मी पंचेचाळीस वर्षांत इतक्या पटकन कोणाला ते मिळालेलं पाहिलं नव्हतं.

आक्का जाताना सुनेला म्हणाली, "तू पुरा करून ये. मी जातंय फुडे." आणि दुसऱ्या दिवसापासून, शेतातून वेळ काढून, रोज पाऊण तास तीही पेटीवर येऊन बसायला लागली. सुनेला घरी न्यायला आले म्हणायची.

पावसाने जोर धरला तसा पत्रा वाजायला लागला. बाई त्याच्यावर आवाज चढवून शिकवायच्या. मी म्हटलं, ओट्यावर या. त्या म्हणाल्या, "पेट्या कोण हलवणार?" परीक्षेला सहा दिवस उरले आणि बाईंचा आवाज गेला. साधा बसला नाही, गेलाच. डॉक्टरने सांगितलं, पाच दिवस एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर कायमचा जाईल.

जी बाई आयुष्यभर आवाजावर जगली तिला ही शिक्षा. मी त्यांना घेऊन आलो तेव्हा त्या गाडीवर पाठीमागे ताठ बसल्या होत्या. घरी आल्यावर पाटीवर लिहिलं, 'क्लास होईल.'

झाला. बाई खुर्चीत बसल्या, हातात छत्री. एक टोला म्हणजे बरोबर, दोन म्हणजे चूक. सुगंधा फळ्यापाशी उभी राहिली. पहिला दिवस वाईट गेला. सुगंधा अडखळे, रेश्मा पाठ केलेलं घडाघड म्हणे, वैजयंती गप्प. बाईंचे दोन-दोन टोले चालूच. दुसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, "तुमी बाईंच्या तोंडाकडे बघतास कित्याक? एकमेकांचा आयका." कोणास ठाऊक कसं, पण तिथून गाडी रुळावर आली. सुगंधा कवितेतली ओळ म्हणे, वैजयंती अलंकार सांगे, रेश्मा व्याख्या. सूर कुठला यावर वाद झाला की आक्का निकाल द्यायची, मराठीत. मग तिघी मिळून इंग्रजी पुठ्ठा शोधायच्या. पाचव्या दिवशी सगळे अलंकार, सगळ्या संज्ञा, सगळे पुठ्ठे, पहिल्यापासून शेवटपर्यंत उजळणी झाली. त्या अख्ख्या तासात छत्रीचा दुहेरी टोला फक्त तीनदा पडला. 'कळत नाही' पेटी रिकामी झाली होती.

शेवटी बाईंनी छत्री आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा, मग मोजता येईना. पत्र्यावर पाऊस आणि खाली छत्री. तिघी आधी घाबरल्या. मग सुगंधाच्या लक्षात आलं. "टाळ्ये वाजवतत गो त्या," ती म्हणाली.

परीक्षा झाली. सुगंधा केंद्रावरून थेट बाईंच्या ओट्यावर आली. बाईंचा आवाज अजून घोगरा होता. सुगंधा सांगत होती, "न पाहिलेली कविता इली. मी ओठांतल्या ओठांत वाचूक लागलंय. पहाऱ्यावरची मॅडम म्हणाली, आवाज नको. मी म्हटलंय, मॅडम, आवाजाशिवाय टोन कसो कळतलो? ती हसली. म्हणाली, ओठ हलव, पण गप."

"मग? काय लिहिलंस?"

"आधी वाटला, चिडलोहा. परत वाचलंय. चिडलेलो नाय. दमलोहा. विअरी लिवलंय."

बाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. एवढंच.

निकाल लागला त्या दिवशी रेंज नव्हती. आमच्या बागेच्या वरच्या टोकाला एका कलमाखाली दोन काड्या येतात, म्हणून आम्ही सगळे तिथे. मी, माझी बायको, तिघी, आक्का, आणि बाई, ज्यांना आम्ही वर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. वैजयंती, इंग्रजीत सत्तेचाळीस. पास. आक्काने आकडा पुन्हा विचारला आणि सुनेच्या पाठीवर असा धपाटा घातला की ती पुढे कोलमडली. सुगंधा, एकसष्ट. ती खाली बसली, ओल्या गवतात, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. आम्ही सगळेच ओरडत होतो. पलीकडच्या बागेतला गडी काठी घेऊन धावत आला, साप निघाला समजून.

मग रेश्माचा नंबर टाकला. तेहतीस. दोन मार्कांनी गेली.

रेश्मा उतारावरून खाली निघून गेली, थेट रस्त्याला लागली. सुगंधा तिच्या मागे धावली, पण रेश्माने रिक्षा धरली होती.

आता बाईंचं एक सांगायला हवं. रेश्माने बाजारातल्या गाइडमधली उत्तरं पाठ केली होती. बाई तिला पहिल्या दिवसापासून 'पोपट' म्हणत. बाकीच्या दोघींसमोर तिला हसायच्या. रेश्मा लाल व्हायची आणि आणखी जोरात पाठ करायची. परीक्षेत तिने कवितेचं रसग्रहण लिहिलं ते पाठ केलेलं, दुसऱ्याच कवितेचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गडग्यातून आल्या. "दिनू, गाडी काढ." देवगडात रेश्माच्या घरासमोर मी थांबलो. तिचे वडील बाहेर आले, रेश्मा दारामागे. बाई ओट्यावर चढल्या नाहीत. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "रेश्मा, चूक माझी. तू भीतीने पाठ करत होतीस. मी तुझी भीती ऐकली नाही, मी तुला हसले. माणसांचे सूर शिकवत फिरते मी, आणि तुझाच ऐकला नाही. माका माफ कर गो."

मी बाईंना उभ्या आयुष्यात माफी मागताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या शाळेतही कोणी पाहिलं नसेल. वडील गोंधळून "अवो बाई, अशा काय, आत येवा" म्हणत होते. बाई हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने रेश्मा बाहेर आली. म्हणाली, "फेब्रुवारीत परत बसतंय मी. तुमी पोपट म्हणूचा नाय."

"नाही म्हणणार."

"कधीच नाय."

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. आणि त्या ओट्यावर चढल्या.

त्या दिवसापासून रेश्मा रोज एकटी बाईंच्या ओट्यावर. गाइड घरी. बाई तिला कविता वाचायला लावायच्या आणि स्वतः गप्प बसायच्या. मी गडग्याशेजारून जाताना ऐकायचो. आधी तिचा आवाज घाईचा, एकसुरी. ऑक्टोबरपर्यंत तो थांबायला शिकला.

डिसेंबरात, नाताळाच्या दहा दिवस आधी, बाई गेल्या. झोपेत. मी तेव्हा फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो होतो, कामासाठी. परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हापशाचा भाचा आला होता, आणि ओट्यावर तिघी आणि आक्का बसल्या होत्या. रेश्माच्या मांडीवर कवितांचं पुस्तक होतं. सुगंधा तिला म्हणाली, "वाच. थांबू नको." माझ्या शेडमध्ये पुन्हा पेट्या लागल्या. आता शिकवायला सुगंधा आणि वैजयंती, आणि निकाल द्यायला आक्का. फेब्रुवारीच्या परीक्षेत रेश्माला चोपन्न मिळाले. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वॉर्डातल्या बायका सांगतात, ही पोरगी "कसां वाटता?" विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

पण मला बाई आठवतात त्या नोव्हेंबरातल्या. सुगंधाचा सेविका म्हणून पहिला दिवस होता. बाई तिथे गेल्या होत्या, कोणालाही न सांगता. मी बाजारातून येताना त्यांना पाहिलं. अंगणवाडीच्या खिडकीबाहेर त्या उभ्या होत्या. आत सुगंधा नवी साडी नेसून मुलांना एक गाणं शिकवत होती, आणि मुलं ते हवं तसं ओरडत होती. बाई आत गेल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि निघाल्या.

त्या रस्त्याच्या अगदी मधून चालत होत्या. मागून बर्फाचा ट्रक आला. ड्रायव्हर त्यांचाच कधीकाळचा विद्यार्थी असावा, किंवा नसेलही. त्याने हॉर्न वाजवला नाही. गिअर उतरवून तो त्यांच्या मागे चालीच्या गतीने येत राहिला. त्याच्यामागे दोन रिक्षा, रिक्षांच्या मागे मी. बाईंना पत्ता नव्हता. त्या ताठ मानेने, ओठांतल्या ओठांत त्या मुलांचं गाणं म्हणत, चढ चढून वळणावर दिसेनाशा झाल्या, आणि अख्खी रांग त्यांच्या पाठीमागून हळूहळू वर गेली.